‘सात दिवसांत इम्प्लांट बसवा, नाहीतर जबडा गेला’ : एका फिरत्या मेसेजला उत्तर

निपाणी, चिकोडी, खानापूरपासून बेळगाव शहरापर्यंत घरगुती ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. लाल अक्षरं, दोन जबड्यांची चित्रं, शेवटी ‘दहा जणांना पाठवा’. मजकूर थोडक्यात असा : दात काढला की जबड्याचं हाड विरघळतं. सात दिवसांत इम्प्लांट (हाडात घट्ट बसवलेला स्क्रू आणि त्यावर कृत्रिम दात) बसवला तरच ते वाचतं. उशीर झाला तर पुन्हा कधीच बसत नाही. शुगरवाल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. एकदा बसला की जन्मभराची काळजी मिटली. आणि वरचा दात काढला तर नजर जाते.

मी याच भागात दातांची प्रॅक्टिस करतो. दाढ ठणकत असलेला माणूस तोंड उघडायच्या आधी मोबाईल पुढे करतो : “डॉक्टर, आज काडली तर आजच बसवाय पायजे म्हणं?” म्हणून हे उत्तर.

नजरेचं आधी उरकून टाकू. वरच्या दातांना संवेदना देणारी नस वेगळी आणि दृष्टीची नस वेगळी. दात काढल्याने डोळे जात नाहीत. किडलेला, पू झालेला दात या भीतीपोटी तोंडात ठेवणं मात्र खरोखर धोक्याचं आहे.

हाडाचं म्हणाल तर त्यात तथ्य आहे, आणि तथ्य असल्यामुळेच मेसेज खपतो. दाताच्या मुळाभोवतीचं हाड दातासाठीच असतं. मुळाला हाडाशी बांधून ठेवणारे तंतू ज्या पातळ थरात रुतलेले असतात, त्या थराला दात गेल्यावर काही काम उरत नाही आणि शरीर तो शोषून घेतं. वरच्या पुढच्या दातांच्या ओठाकडची भिंत तर बहुतेकांची 1 मिलीमीटरपेक्षाही पातळ असते. ती जवळजवळ सगळी त्या थराचीच, म्हणून खळगा बाहेरच्या बाजूने पडतो. डेन्मार्कमध्ये 46 जणांच्या दाढा-उपदाढा काढल्यावर वर्षभर मोजमाप घेतलं गेलं. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दात धरणाऱ्या हाडाच्या कडेची रुंदी सुमारे 12 मिलीमीटरवरून 6 वर आली होती, आणि त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झाली होती.

पण याला ‘जबडा गेला’ म्हणत नाहीत. आटते ती दात धरून ठेवणारी वरची कड, खालचं मूळ हाड जागेवर असतं. शिवाय त्याच काळात दात काढलेल्या खड्ड्यात आधी रक्ताची गाठ, मग कोवळं हाड, मग पक्कं हाड भरत जातं. एका दाढेची जागा रिकामी राहिली म्हणून कुणाचा जबडा मोडत नाही. सगळेच दात गेलेल्यांची गोष्ट वेगळी. कवळी वापरणाऱ्यांची 25 वर्षं मोजमापं घेतलेला एक अभ्यास 1972 साली छापला गेला. त्यात खालची कड वरच्यापेक्षा सुमारे चौपट झिजलेली दिसली. आजीची वरची कवळी घट्ट बसते आणि खालची भाकरी चावताना नाचते, त्यामागे हेही एक कारण आहे.

आता मुख्य दावा : सात दिवसांत इम्प्लांट, म्हणजे हाड वाचलं. एकेकाळी आम्हा दंतवैद्यांतही अनेकांना असंच वाटायचं. 2004-05 च्या सुमारास स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी ताज्या खड्ड्यात इम्प्लांट बसवून पाहिले, कुत्र्यांत आणि माणसांतही. बाहेरची भिंत तरीही आटली. ते साहजिकच होतं, कारण इम्प्लांटला ते तंतू नसतात. तो थर ज्या दातावर जगत होता तो दात गेलाच आहे, त्याच्या जागी टायटॅनियमचा स्क्रू आला म्हणून थराला जीवदान मिळत नाही.

मग त्याच दिवशी बसवणं चूक का? नाही. खड्ड्याच्या भिंती शाबूत असतील, पू नसेल आणि मुळाच्या पलीकडच्या हाडात स्क्रू घट्ट पकडत असेल, तर बसवतात आणि छान बसतो. तसं नसेल तर 4 ते 8 आठवडे थांबतात, तोवर हिरडी बंद होते. किंवा तीन-चार महिने थांबतात, म्हणजे आत हाड भरतं. कधी सहा महिन्यांच्याही पुढे जातात. या चारही वेळा मान्य आहेत आणि निवड तोंड बघून करायची असते. गंमत म्हणजे मेसेजमधला सातवा दिवस यातल्या कुठल्याच खान्यात बसत नाही. तेव्हा हिरडी मिटलेली नसते आणि हाडही धरलेलं नसतं.

हाडाची झीज खरोखर कमी करायची तर दात काढतानाच खड्ड्यात हाडाचे कण भरता येतात. त्याने झीज कमी होते, पूर्ण थांबत नाही. या कणांबद्दल एक गोष्ट विचारून घ्या, कारण आपल्याकडे बरेच जण नंतर कळल्यावर हबकतात : त्यातले बरेचसे गायीबैलाच्या हाडावर प्रक्रिया करून बनवलेले असतात. नको असतील तर कृत्रिम कणही मिळतात. संमतीपत्र बहुधा इंग्रजीत नाहीतर कन्नडमध्ये असतं आणि आपली वडीलधारी माणसं न वाचताच सही करून मोकळी होतात. ते मराठीत समजावून सांगा म्हणून खुशाल अडून बसा.

पहिल्या आठवड्यात घाई करायचीच असेल तर ती तंबाखू सोडण्याची करा. निपाणीच्या वखारींत राबलेल्या मावश्यांच्या तर्जनीचं टोक मिश्रीने काळं पडलेलं असतं. दात काढल्यावर दुसऱ्याच दिवशी तेच बोट सवयीने तोंडात जातं, खड्ड्यातली रक्ताची गाठ निघून येते, आतलं हाड उघडं पडतं आणि मूळ दातदुखी बरी होती असं म्हणायची पाळी येते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत तर इम्प्लांट निकामी होण्याचा धोका न ओढणाऱ्यांच्या साधारण दुप्पट असतो. मेसेजमध्ये याचं एक अक्षर नाही.

‘उशीर झाला तर कधीच नाही’ हे साफ खोटं. वीस वर्षांपूर्वी दाढ काढलेल्यांनाही इम्प्लांट बसतात. हाड कमी असेल तर ते वाढवता येतं. वरच्या दाढांच्या जागी सायनसची, म्हणजे गालाच्या हाडातली हवेची, पोकळी खाली उतरलेली असेल तर तिचा तळ उचलून जागा करतात, आणि ही शस्त्रक्रिया 1970-80 च्या दशकांपासून चालत आलेली आहे. उशिराची किंमत पडते ती पैशांत आणि महिन्यांत. दुसरीही एक अडचण असते, शेजारचे दात रिकाम्या जागेत कलतात आणि समोरचा दात खाली-वर सरकतो. हाड पुरेसं आहे पण स्क्रूवरच्या दाताला, म्हणजे कॅपला, उंचीच नाही, असं कितीतरी वेळा होतं. शिवाय इम्प्लांट हा एकच रस्ता नाही. शेजारच्या दातांच्या आधाराने पक्का बसवलेला ब्रिज आहे, काढता-घालता येणारा दात आहे, आणि अगदी शेवटची दाढ गेली तर काहीच न बसवणंही चालतं.

शुगरचं : साखर आटोक्यात असेल तर इम्प्लांट बसतो. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी करूनच ठरवतात. साखर वाढलेली असेल तर जखम उशिरा भरते, जंतुसंसर्ग होतो, म्हणून आधी साखर खाली आणायची. याहून महत्त्वाची गोष्ट मेसेजने गाळली आहे. हाडं ठिसूळ झाल्याबद्दल किंवा कॅन्सरमध्ये जी इंजेक्शनं आणि गोळ्या देतात, त्यांतल्या काहींमुळे दात काढल्यावर जबड्याचं हाड मरण्याचा धोका असतो. तो क्वचित, पण जडला की चिवट. वर्षातून एकदाच घेतलेलं इंजेक्शन म्हणून घरचेही विसरतात. दात काढण्याआधी ते सांगायलाच हवं, पण औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका.

राहिली जन्मभराची हमी. स्वीडनचे संशोधक ब्रेनमार्क यांनी 1965 साली ज्या पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले, त्याला ते 2006 मध्ये मरेपर्यंत पुरले. दहा वर्षांनी शंभरातले पंचाण्णवच्या आसपास इम्प्लांट जागेवर असतात, हेही खरं. कीड लागत नाही, तेही खरं. पण इम्प्लांट असलेल्या साधारण पाचांपैकी एकाला त्याच्या भोवती सूज येऊन हाड झिजण्याचा त्रास होतो आणि तो बरेचदा दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस येत नाही, आणि येतो तेव्हा स्क्रूचे आटे दिसत असतात. दरवर्षी दाखवणं, खालून-आडून नीट साफ करणं आलंच.

तेव्हा कुणी सात दिवसांची मुदत घालून पैसे भरायला लावत असेल तर आपले रिपोर्ट उचला आणि दुसरीकडे दाखवा. बेळगावातच केएलई आणि मराठा मंडळ अशी दोन दंतमहाविद्यालयं आहेत. आणि इम्प्लांट बसवून झालाच तर त्याच्या डबीवरचं स्टिकर मागून फाईलला चिकटवा. त्यावर कंपनी, माप आणि लॉट नंबर असतो. उद्या मुलाकडे पुण्याला राहायला गेलात आणि तिथे स्क्रू सैल झाला, तर नवा डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारेल, कारण कंपनीगणिक पाना वेगळा लागतो.