‘आत टाका, नशा आपोआप सुटेल’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

शिरपूरकडच्या सातपुड्यात गांजाच्या शेतीवर धाड पडली, उपटलेल्या झाडांचे फोटो आले, की धुळे-जळगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा फिरायला लागतो. त्याचं सार असं: नशेडी पोरांना सहा महिने आत टाका, आपोआप सुधारतील. जेलमध्ये त्यांना गोळ्या देणं म्हणजे सरकारी खर्चानं नशा. कायद्यात उपचार वगैरे काही नाही, ते एनजीओवाल्यांचं खूळ. आणि कैद्यांवर संशोधन ही परदेशी फॅशन. मी धुळ्याच्या कोर्टात आरोपींच्या बाजूनं उभा राहतो, त्यामुळे हाच मेसेज पक्षकारांच्या आयांच्या तोंडूनही ऐकतो: “जेलमा गया का पोऱ्या सुधरी जाई ना, वकीलसाहेब?”

आधी एक घोळ सोडवू. गांजा पिकवणाऱ्याला एनडीपीएस कायद्याच्या, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या, कलम २० खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मेसेज मात्र त्याला आणि गोळ्या खाणाऱ्या पोराला एकाच दावणीला बांधतो. सेवनासाठी कलम २७ आहे आणि तिथली शिक्षा पदार्थानुसार सहा महिने किंवा एक वर्षापर्यंत, किंवा नुसता दंड.

आता ‘आपोआप सुटते’. आत माल मिळाला नाही तर नशा थांबते, खरं आहे. पण ओढ तशीच राहते आणि शरीराची सहनशक्ती मात्र उतरते. हेरॉईन घेणारा सुटून आला, जुन्या टोळक्यात बसला आणि जुनाच डोस घेतला, की तो त्याला झेपत नाही. श्वास मंदावतो, थांबतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात १९९९ ते २००३ दरम्यान सुटलेल्या ३० हजारांहून जास्त कैद्यांचा अभ्यास २००७ मध्ये छापून आला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांचा मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या जवळपास १३ पट होता, ओव्हरडोसनं मरण्याचा १२९ पट. म्हणजे घरचे पेढे वाटतात ते दिवस सगळ्यांत वाईट.

“आपल्याकडे कुठे एवढं हेरॉईन?” असं कुणी विचारेल, आणि प्रश्न रास्त आहे. मालेगाव-धुळे पट्ट्यात नाव निघतं ते कुत्ता गोळीचं, म्हणजे चिंता-झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या अल्प्राझोलामचं. शिवाय कोडीन या अफूवर्गीय द्रव्याचं खोकल्याचं औषध, गांजा, आणि सगळ्यांच्या वर दारू. पण मग धोका सुटकेपर्यंत थांबतही नाही, आत गेल्याच्या पहिल्याच दिवसांत येतो. भरपूर अल्प्राझोलाम खाणाऱ्याची गोळी एकदम तुटली तर फिट येऊ शकते. रोज पिणाऱ्याला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरणं, भास, फिट. उपचार नसेल तर जीवही जातो. कोडीन तुटलेला पोरगा लॉकअपमध्ये जांभयांवर जांभया देतो, नाक वाहतं, अंगावर काटा उभा असतो, पोट धरून बसतो. बाहेरून एकच शेरा येतो: नाटकं करतोय. आणि ‘सहा महिने’ म्हणजे शिक्षेचेच असंही नाही. देशातल्या तुरुंगांत दर चारातले साधारण तीन जण कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही.

‘सरकारी खर्चानं नशा’ हा आरोप बुप्रेनॉर्फिनवर असतो. ही अफूवर्गीय नशेच्या उपचाराची गोळी २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. तिहारमध्ये ती २००८ मध्ये सुरू झाली. नर्स गोळी चुरून जिभेखाली ठेवते आणि विरघळेपर्यंत समोर बसवून ठेवते, गालात दडवून विकायला वाव नको म्हणून. ठरलेल्या डोसनं झिंग चढत नाही, तोड, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, मात्र थांबते. इंग्लंडमध्ये तुरुंगात असे उपचार चालू असलेल्यांत सुटकेनंतरच्या पहिल्या चार आठवड्यांतले मृत्यू ७५ टक्क्यांनी कमी आढळले. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यानं २०१६ मध्ये तुरुंगांत उपचार सुरू केले आणि वर्षभरात सुटलेल्यांचे ओव्हरडोसचे मृत्यू ६१ टक्क्यांनी घटले. गांजाला असं बदली औषध नाही, हे खरं. अल्प्राझोलाम तर डॉक्टरच्या देखरेखीत टप्प्याटप्प्यानं उतरवावी लागते. पण त्यासाठी तुरुंगात दाखल करताना ‘काय घेतोस, शेवटचं कधी घेतलंस’ हे विचारावं लागतं, आणि खरं सांगितलं तर मार बसणार नाही याची खात्री पोराला वाटावी लागते.

कायद्यात उपचार नाही? कलम ३९ वाचा: सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनीला कोर्ट त्याच्या संमतीनं, बंधपत्रावर उपचारांसाठी सोडू शकतं. कलम ६४-अ त्याच्याही पुढे जातं. असा आरोपी स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल तर खटल्यातून सूट, आणि उपचार अर्धवट सोडले तर ती सूट जाऊ शकते. गांजाचं अल्प प्रमाण म्हणजे एक किलोपर्यंत. शिवाय २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा व्यसनाशी निगडित मानसिक स्थितींना मानसिक आजारातच मोजतो आणि मानसिक आजार असलेल्या कैद्यांसाठी त्यात कलम १०३ आहे. एनडीपीएस कायदा १९८५ चा, एनजीओवाल्यांनी केलेला नव्हे. आमच्या बाररूममध्ये जामिनाच्या अर्जाचा साचा प्रत्येकाच्या पेनड्राइव्हवर असतो, ६४-अ चा मात्र शोधावा लागतो.

राहिलं संशोधन. कैद्याला ‘नाही’ म्हणणं अवघड असतं, म्हणून आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं त्याला संरक्षण लागणाऱ्या गटात धरतात. पॅरोलचं आमिष दाखवून सही घेतली तर ती संमती नव्हे. या बाबतीतली शंका मला मान्य आहे. पण धुळे-जळगावच्या तुरुंगांतून सुटलेल्यांपैकी पहिल्या महिन्यात किती जण मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत पोचले आणि किती जणांचं पोस्टमार्टेम झालं, हे मोजायला कुणावर औषधाचा प्रयोग करावा लागत नाही. दोन रजिस्टरं शेजारी ठेवायची आहेत.