"तोटा तर नाही ना?"

दिवाळीत जिंतूरकडं गावी गेले तेव्हा अण्णांच्या उशाशी बीडीच्या कट्ट्याशेजारी गोळ्यांची एक चकचकीत डबी दिसली. ओळखीतल्याच एका पोरानं दिलेली, महिन्याला २,४०० रुपये. म्हणे रक्त शुद्ध होतं, म्हातारपण लांबतं. मागची बारीक अक्षरं उजेडात धरून वाचली: बीटा कॅरोटीन, व्हिटॅमिन ई, सेलेनियम. पोराला फोन लावला तर म्हणतो, "ताई, फायदा नाही झाला तर नाही, तोटा तर नाही ना?"

या एका वाक्यासाठी लिहितेय. तोटा आहे, आणि तो नेमका अण्णांसारख्यांनाच आहे.

भाज्या-फळं भरपूर खाणाऱ्यांत कॅन्सर कमी दिसायचा. मग त्यातलं बीटा कॅरोटीनसारखं सत्त्व गोळीतून दिलं तर? फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर हे तपासलं. १९९४ साली निकाल आला: बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त! अमेरिकेत त्याच्या जोडीला व्हिटॅमिन ए दिलं, तिथं २८ टक्के जास्त निघाला. १९९६ मध्ये तो अभ्यास मुदतीच्या २१ महिने आधी थांबवावा लागला. पुढं ७८ चाचण्या, जवळपास तीन लाख माणसं एकत्र धरून पाहिलं, तरी या गोळ्यांनी आयुष्य वाढल्याचा पुरावा मिळाला नाही.

या गोळ्या विकताना सांगतात की त्या फ्री रॅडिकल, म्हणजे शरीरात तयार होणारे आणि पेशींना इजा करू शकणारे कण, आवरतात. फ्री रॅडिकल म्हणजे निव्वळ शत्रू, असं आपल्याला विकलं जातं. पण आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारतात ते त्यांच्याच जोरावर.

डोळ्याच्या पडद्याच्या एका आजारात मात्र ठराविक गोळ्यांचा उपयोग होतो. डॉक्टरांनी लिहून दिल्या असतील तर मनानं बंद करू नका. त्यातही सिगारेट-बीडीवाल्यांसाठी बीटा कॅरोटीन काढून ल्युटीन हे भाज्यांतलंच दुसरं सत्त्व घालतात.

२,४०० रुपयांत आमच्या आठवडी बाजारातून किती पिशव्या भरतात! अंबाडी, घोळ, शेवग्याच्या शेंगा, जालन्याची मोसंबी. आई हे सगळं आणतेच, पण पैसे डबीला जातात म्हणून मोसंबी बंद केली होती तिनं. हे ऐकून मला रडू आलं.

आणि सगळ्यात जास्त लागलं ते अण्णांचं बोलणं. "आता गोळी चालू हाय, बीडीनं काय होतंय?" गोळी आल्यापासून दिवसाचा एक कट्टा दीडवर गेला होता.

डबी मी सोबत घेऊन आले. सोमवारी अण्णांना परभणीला छातीच्या डॉक्टरांकडं नेतेय. बीडी सोडायचं औषधही तिथंच विचारणार आहे.