श्रावण पाळतो म्हणजे व्यसन नाही?

गटारी उलटली की महिनाभर एक वाक्य हमखास कानावर येतं. "मी श्रावणात थेंबाला शिवत नाही. व्यसन असतं तर जमलं असतं का?" म्हणणारा खोटं बोलत नसतो. तो खरंच शिवत नाही. पण त्यावरून तो जो निष्कर्ष काढतो, तो निघत नाही.

श्रावण कोरडा गेला यावरून एवढंच कळतं की त्या माणसाचं शरीर दारूवाचून महिना काढू शकतं. ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र पहिला घोट टाळणं वेगळं आणि पहिला घोट पोटात गेल्यावर दोनवर थांबणं वेगळं. श्रावणात घरात मटण नाही, मित्रही पाळतात, बसायला कुणी बोलावत नाही, आई-बायको खूश. अख्खं वातावरण मदतीला उभं असतं. म्हणून मी अशा माणसाला श्रावणाबद्दल विचारतच नाही. गटारीला "आता महिनाभर नाही" म्हणून किती घेतली? महिन्याच्या पहिल्या चार-पाच रात्री झोप लागली का, घाम, चिडचिड, हाताला कंप काही होतं का? आणि महिना सुटल्यावर पहिल्या बैठकीत "दोनच" म्हणून बसलेला कितीवर उठला? या तीन उत्तरांत जेवढं कळतं तेवढं त्या तीस दिवसांतून कळत नाही.

आपल्याकडे दोनच खाने आहेत. एक "बेवडा": देशी पितो, रस्त्यात पडतो, घरी मारझोड करतो. दुसरा "सोशल ड्रिंकर": इंग्लिश पितो, शनिवारी पितो, स्वतःच्या पैशाने पितो, सोमवारी कामावर असतो. ही वाटणी ऐपतीची आहे, आजाराशी तिचा संबंध नाही. खरे गट किमान तीन आहेत: कमी जोखमीचं पिणं, नुकसान करणारं पिणं आणि अवलंबित्व, म्हणजे ज्याला आपण व्यसन म्हणतो ते. तिघांना सल्ला वेगळा, उपचार वेगळा. तिसऱ्याला दिलेला सल्ला दुसऱ्याला लागू पडत नाही आणि दुसऱ्याला दिलेला सल्ला तिसऱ्याच्या जिवावर बेतू शकतो.

आधी माप. जगभर दारू शुद्ध अल्कोहोलच्या ग्रॅममध्ये मोजतात आणि जागतिक आरोग्य संघटनेचं एक युनिट 10 ग्रॅमचं आहे. आपल्याकडची व्हिस्की, रम, व्होडका साधारण 42.8 टक्क्यांची असते. म्हणजे 30 मिलीच्या छोट्या पेगात एक युनिट. नाइंटीत तीन, क्वार्टरमध्ये, म्हणजे 180 मिलीच्या चपटीत, सहा. देशीची बाटली हातात असेल तर लेबलवरचा टक्का वाचा आणि त्यावरून हिशेब करा. फेणीची ताकदही व्हिस्कीच्या जवळपासच असते, "काजूची आहे, बाधत नाही" हे समाधान खोटं. हातभट्टीचा टक्का कुणालाच माहीत नसतो. बियरवाले इथे फसतात. 650 मिलीची 8 टक्क्यांची स्ट्राँग म्हणजे चार युनिट, अर्थात दोन लार्ज पेग. "मी फक्त बियर घेतो" म्हणणारा दोन बाटल्या रिचवतो तेव्हा क्वार्टरच्या वर गेलेला असतो. घरचा पेग तर मोजूच नका, आधी एकदा मापाने ओतून बघा. ग्लासात अंदाजाने ओतलेला "एक" बऱ्याचदा 80-90 मिली निघतो.

एका बैठकीत 60 ग्रॅम किंवा जास्त अल्कोहोल घेणं याला आरोग्य संघटना जड पिणं म्हणते. 60 ग्रॅम म्हणजे बरोबर एक क्वार्टर. आपल्याकडे क्वार्टर हा "नॉर्मल कोटा" समजला जातो, तिथेच सगळा घोळ आहे.

आता शनिवारवाल्याचा हिशेब करू. आरोग्य संघटनेचीच "ऑडिट" नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे, एकूण गुण 40. आठ आले की धोक्याचं पिणं, सोळाला नुकसान करणारं, वीस आणि वर गेले की अवलंबित्वाची शक्यता धरून पुढची तपासणी करतात. आपला माणूस फक्त शनिवारी पितो, दर वेळी एक क्वार्टर, बाकी सहा दिवस काही नाही. किती वेळा पिता? महिन्यातून दोन ते चार वेळा: 2 गुण. एका दिवशी किती? पाच-सहा युनिट: 2 गुण. एकाच वेळी सहा किंवा जास्त युनिट किती वेळा? दर आठवड्याला: 3 गुण. तीन प्रश्नांत सात झाले. वर्षभरात एखाद्या रविवारी "काल घरी कसा आलो आठवत नाही" असं झालं असेल तर आठवा गुण. आणि शेवटचा प्रश्न: घरच्यांनी, मित्राने किंवा डॉक्टरने गेल्या वर्षभरात "कमी कर" असं म्हटलंय का? हो असेल तर थेट 4. बायकोची कटकट म्हणून जी सोडून देतात, तिला या चाचणीत एका प्रश्नाचे पूर्ण गुण आहेत. ते बरोबरच आहे, कारण पिणाऱ्याच्या आधी तिला दिसलेलं असतं. तर हा सभ्य, शनिवारचा, कधीही रस्त्यात न पडलेला माणूस बारा गुणांवर उभा आहे.

बारा म्हणजे व्यसनी नव्हे. पण "सोशल" हा शब्दही त्याला आता शोभत नाही. हा मधला गट मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण याच्याकडे कुणी बघत नाही आणि इथेच कमी श्रमात फरक पडतो. याला सकाळी दारू लागत नाही, हात कापत नाहीत. पण ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढलेले, बीपीची गोळी सुरू होऊनही बीपी आटोक्यात नाही, ॲसिडिटी कायमची, सोमवारी चिडचिड, उधारी, एखादा अपघात. रात्री आठ ते बारा दोन क्वार्टर घेऊन सकाळी सातला गाडी काढणारा "झोप झाली, उतरली" समजतो. लिव्हर तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम जाळतं. 120 ग्रॅम सकाळी सातपर्यंत सगळी संपत नाही, आणि कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमच आहे. लिंबूपाणी, कडक कॉफी, गार पाण्याची आंघोळ यांनी तो वेग वाढत नाही.

या गटासाठी श्रावणापेक्षा कठीण कसोटी सांगतो. सहा आठवडे प्या, पण एका वेळी दोन युनिटच्या वर नाही आणि आठवड्यातून दोनच दिवस. लग्न, पगार, मॅच, बदली, मयत, कशालाही अपवाद नाही. मोजून ओतायचं, त्याच दिवशी लिहायचं, रिकाम्या पोटी नाही. सहा आठवडे जमलं तर बहुधा कमी करून भागेल. तीन वेळा मोडलं तर पिण्यावर तुमचा ताबा आहे हा दावा सोडा आणि सल्ला घ्या. सकाळी हात कापणाऱ्याने, फिट येऊन गेलेल्याने, लिव्हर, स्वादुपिंड किंवा फिटचा आजार असणाऱ्याने आणि गरोदर बाईने ही कसोटी करायचीच नाही. जो पीत नाही त्याने यासाठी सुरू करायची गरज नाही हे उघड आहे. शून्य धोक्याचं प्रमाण असं काही नसतंच, दारू कॅन्सर करते हे 1988 पासून नोंदलेलं आहे.

अवलंबित्व ओळखायला सहा खुणा वापरतात. वर्षभरात त्यातल्या तीन एकत्र दिसल्या की निदान होतं. अनावर ओढ. सुरू केल्यावर ताबा नाही. बंद केली की शरीराला त्रास. तेवढ्याच नशेसाठी जास्त लागणं. बाकीच्या गोष्टी मागे पडणं. नुकसान दिसत असूनही चालू ठेवणं. पुस्तकात हे असं सहा ओळींत येतं, घरात मात्र वेगळं दिसतं. गावच्या जत्रेला जायचं की नाही हे तिथे "सोय" आहे का यावर ठरतं. आधी चार मित्रांत बसणारा आता एकटाच बसतो, कारण मित्र हळू पितात. ड्राय डेच्या आदल्या दिवशी खरेदी न चुकता होते, लाइट बिल मात्र चुकतं. बाटली माळ्यावर, टाकीमागे, गाडीच्या डिकीत सापडते.

आणि उतारा. सकाळी उठल्यावर मळमळ, कंप, घाबरल्यासारखं होतं, नाइंटी मारली की दहा-पंधरा मिनिटांत माणूस "नॉर्मल". मैफलीत हा विनोदाचा विषय असतो. प्रत्यक्षात तो कंप म्हणजे रात्रभरात उतरलेल्या दारूची मेंदूने केलेली मागणी असते. उतारा नियमित लागायला लागला की शनिवारवाला-रोजवाला हा वाद संपला.

"त्याला पचते, दोन क्वार्टर मारून सरळ चालतो" हे कौतुकही बंद व्हायला हवं. सरळ चालतो कारण मेंदूने रोजच्या दारूशी जुळवून घेतलंय. दारू बंद झाली की हाच मेंदू जास्त त्रास देतो. पुढे लिव्हर खराब झालं की उलटं होतं: दोन क्वार्टरवाला नाइंटीतच लटपटतो. घरचे म्हणतात, कमी केली हो त्याने. पोट फुगलंय का, पाय सुजलेत का, डोळे पिवळे आहेत का, हे त्याच वेळी बघायचं असतं.

आता ज्यासाठी मुख्यतः हे लिहितोय तो मुद्दा. अवलंबित्व असलेल्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. खोलीत कोंडणं, देवाची शपथ, "मनावर घे, उद्यापासून बंद" यातलं काहीही. पंढरीची माळ घालून सुटलेले लोक आहेत, त्या श्रद्धेचा मला आदर आहे. पण रोज दोन क्वार्टरवाल्याने आधी दवाखाना गाठावा, मग माळ घालावी. शेवटच्या घोटानंतर सहा ते बारा तासांत कंप, घाम, उलट्या, धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना ताप, असंबद्ध बडबड, दिवस-रात्रीचं भान नसणं, भिंतीवर किडे किंवा माणसं दिसणं असं होतं. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार नसतील तर माणूस दगावू शकतो. नेहमीचा प्रसंग असा: पाय मोडला म्हणून माणूस हाडांच्या वॉर्डात दाखल होतो. "दारू घेता का?" याला उत्तर मिळतं "कधीतरी." तिसऱ्या रात्री तो सलाईन उपसतो, कॉटवरून उतरतो, नसलेल्या माणसाशी भांडतो. नातेवाईकांना वाटतं औषध चढलं, नाहीतर बाहेरची बाधा. खरं कारण "कधीतरी" या एका शब्दात लपलेलं असतं. आणि असं तोडणं-धरणं जितक्या वेळा होतं, तितका पुढच्या वेळचा त्रास वाढत जातो.

2021 च्या एप्रिलमध्ये लॉकडाउनमुळे दारूची दुकानं बंद असताना यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत सॅनिटायझर पिऊन माणसं मेली. चवीसाठी सॅनिटायझर कुणी पीत नाही.

उपचार अवघड नाहीत. पहिले पाच ते दहा दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम या मेंदू शांत करणाऱ्या गोळ्या, रोज मात्रा कमी करत. सोबत थायमिन, म्हणजे बी-1. फार पिऊन अन्न सुटलेल्या माणसाला "अशक्तपणा आलाय, ग्लुकोजची बाटली लावा" म्हणणाऱ्यांसाठी: शरीरातलं थायमिन संपलेलं असताना नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, डोळे तिरळे होतात, तोल जातो, स्मरणशक्ती जाते. थायमिन ग्लुकोजच्या आधी किंवा निदान बरोबर हवं. बाटली लावण्यापूर्वी डॉक्टरांना पिण्याबद्दल सांगा.

दुसरं, एसटी स्टँडवर आणि रिक्षांवर चिकटवलेल्या "न सांगता दारू सोडवा" जाहिराती. त्या पुडीत काय असतं हे विकणारा सांगत नाही. डायसल्फिराम, म्हणजे वरून दारू घेतली की अंगावर उलटणारी गोळी असेल आणि पिणाऱ्याला पत्ता नसेल, तर वरून दारू पडल्यावर चेहरा लाल, उलट्या, छातीत धडधड, बीपी खाली, आणि हृदय कमजोर असेल तर मरणसुद्धा. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम राहू शकतो. हेच औषध माणसाच्या संमतीने, तपासण्या करून दिलं तर चांगलं काम करतं. वरणातून दिलं तर तो विषप्रयोग आहे, हेतू कितीही चांगला असो.

2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशात दारू पिणारे सुमारे 16 कोटी, त्यातले 5.7 कोटी नुकसान किंवा अवलंबित्वाच्या टप्प्यावर आणि त्यापैकी 2.9 कोटी अवलंबित, असा हिशेब आला. म्हणजे पिणाऱ्या दर तिघांत एकाहून जास्त जण नुकसान किंवा अवलंबित्वाच्या टप्प्यावर. अवलंबित असलेल्या 38 जणांत एकाला कसलातरी उपचार मिळाला होता. बायकांमध्ये पिणाऱ्यांचं प्रमाण त्यात 1.6 टक्के दिसतं, पण बायका लपवून पितात आणि तेवढ्याच दारूने त्यांचं लिव्हर लवकर बिघडतं.

जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग हा पहिला पत्ता. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून आहे. एए, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या सभा बहुतेक शहरांत होतात, फी नसते. फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन 14416 आणि व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446. दाखल करायला नेताना एका कागदावर लिहून न्या: शेवटचा घोट किती वाजता, रोज किती मिली आणि कुठली, पूर्वी बंद केल्यावर फिट किंवा भास झाले होते का, झोपेच्या गोळ्या चालू आहेत का, डोक्याला अलीकडे मार लागलाय का, उलटीत किंवा शौचात रक्त दिसलंय का. आकडा अर्धा करून सांगू नका. औषधाची मात्रा त्याच आकड्यावरून ठरते.