खंयचें खंय : डिचोलीच्या काकांना उत्तर

काका, तुमची प्रतिक्रिया रविवारी आली आणि आज शुक्रवार. एवढे दिवस लागले ते रागामुळे नव्हे. तुमचा पहिला मुद्दा खोडायला बसले आणि तोच बरोबर निघाला, म्हणून.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कणभौतिकी, पुरातत्त्व आणि कला व्यवस्थापन या तिन्हींना शिवणारं संशोधन गोव्यात व्हायला हवं, असं मी गेल्या महिन्यात लिहिलं होतं. त्यावर डिचोलीच्या एका निवृत्त मास्तरांनी मला तीन गोष्टी सुनावल्या. एक, म्यूऑन कणांनी दक्षिण गोव्यातल्या उसगाळीमळच्या कातळचित्रांचं वय काढता येईल, हे माझं वाक्य साफ चूक. दोन, तीन डगरींवर ठेवायला माणसाला पाय दोनच असतात. ही खिचडी आहे आणि ती जनतेच्या पैशावर शिजते. तीन, कला व्यवस्थापन म्हणजे हॉल ठरवणं आणि खुर्च्या मांडणं, त्यात संशोधन कसलं डोंबलाचं. शेवटी एक ओळ कोंकणीत: "खंयचें खंय जोडटा गो बाये?" म्हणजे, कुठलं कुठे जोडतेस गं बाई?

आधी चूक कबूल करते. म्यूऑन वय सांगत नाही. वाटेत दगड किती लागला, एवढंच त्याच्याकडून कळतं. अंतराळातले वेगवान कण वातावरणाच्या वरच्या थरावर आदळले की जी पडझड होते तिच्यातून म्यूऑन जन्मतात. समुद्रसपाटीला मिनिटाला साधारण एक, या हिशेबानं ते आपल्या अंगठ्याच्या नखातून पार होत असतात. (साडेतीन तासांचं संगीत नाटक बघून उठलात की दोनशेच्या वर गेले समजा; तिकीट एकानंही काढलेलं नसतं.) दगडातूनही ते जातात, पण दगड जाड तसे कमी पोचतात. एखाद्या दिशेनं अपेक्षेपेक्षा जास्त आले तर त्या बाजूला दगड कमी, म्हणजे पोकळी. भौतिकशास्त्रज्ञ लुईस अल्वारेझनं हीच मोजदाद इजिप्तमधल्या खाफ्रेच्या पिरॅमिडखाली केली आणि 1970 मध्ये छापलं, की जेवढा भाग पाहिला त्यात गुप्त दालन नाही. 2017 मध्ये खुफूच्या पिरॅमिडमध्ये मात्र किमान 30 मीटर लांबीची पोकळी सापडली. त्यासाठी जपानच्या नागोया विद्यापीठाच्या लोकांनी राणीच्या दालनात फोटोच्या फिल्मसारख्या पट्ट्या महिनोन् महिने अंथरून ठेवल्या होत्या. ती पोकळी कोणी, कधी, कशासाठी ठेवली, हे म्यूऑनला विचारून काही उपयोग नाही.

आणि उसगाळीमळला तर पोकळीचा प्रश्नच नाही. तिथे आहे कुशावतीच्या काठचा उघडा जांभा. लिहायच्या भरात "दगड" आणि "किरण" हे दोन शब्द एकत्र दिसले आणि मी उडी मारली. अकरावीच्या मुलानं पेपरात असं लिहिलं असतं तर मीच त्याचे गुण कापले असते.

पण काका, तुम्ही पुढे लिहिता, "म्हणजे भौतिकीचं तिथे काही काम नाही." इथे मी अडते.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही सकाळी साडेसातला तिथे पोचलो होतो. रिवणच्या पुढे रस्ता संपतो तिथून खाली उतरलं की आधी काहीच दिसत नाही, नुसता काळपट-तांबूस कातळ. ऊन तिरपं झालं आणि एकेक रेघ उठून आली: बैल, हरीण, मोर, आणि ते गोल गोल फिरत आत जाणारं चक्रव्यूहासारखं चित्र. मी गुडघे टेकून बसले तेव्हा त्या चक्राच्या खाचेत माझी तर्जनी आरामात बसली. तळाशी दवानं ओली झालेली माती होती. नखानं उकरावीशी वाटली. नाही उकरली, आणि का नाही उकरली तेच तुम्हाला सांगायचं आहे.

जांभ्यात कोरलेल्या रेघेला कार्बन-14 वरून वय काढायची पद्धत लागू पडत नाही, कारण कधीकाळी जिवंत होतं असं त्या रेघेत काहीच नाही. पण ही चित्रं 1993 मध्ये अभ्यासकांसमोर आली तोवर त्यांतली बरीच नदीच्या गाळाखाली होती. गाळात वाळू असते. वाळूचा कण अंधारात पडून राहिला की आजूबाजूच्या मातीतल्या किरणोत्सारानं त्याच्या आत इलेक्ट्रॉन अडकत जातात. उन्हात आला की ते सुटतात आणि घड्याळ पुन्हा शून्यावर. म्हणून गाळात नळी ठोकून, नमुना उजेड न लागू देता काढला, तर त्या वाळूनं ऊन शेवटचं कधी पाहिलं ते प्रयोगशाळेत काढता येतं. चित्राचं वय त्यातून थेट येत नाहीच. चित्र या गाळाच्या आधीचं, एवढं ठामपणे म्हणता येतं. आज काही जण मध्याश्मयुग म्हणतात, काही जण बरंच अलीकडचं. त्या वादात एवढा एक खुंटा मिळाला तरी पुष्कळ झालं.

आता गंमत बघा. हा खुंटा चित्रात नाही, चित्रावरच्या चिखलात आहे. आणि पाहुण्यांना चित्र नीट दिसावं म्हणून आपण पहिल्यांदा काय करतो? चिखल धुतो. पाण्याची बादली, खराटा, झाली जागा स्वच्छ. कोणी, कधी, कोणाला विचारून धुवायचं, हे ठरवणाऱ्या माणसाला तुम्ही "खुर्च्या मांडणारा" म्हणता. त्यानं एक सकाळ चुकीच्या जागी साफसफाई केली तर पुढचा भौतिकवाला आणि पुढचा पुरातत्त्ववाला दोघेही रिकाम्या हातानं घरी. उसगाळीमळची, म्हणजेच पणसायमळची, ही जागा कोकणातल्या बारसू, कशेळी, उक्षी, कुडोपी वगैरे कातळचित्रांबरोबर 2022 पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहे. माणसं वाढणार, रेलिंग येणार, दिवे येणार, सेल्फीवाले तर आधीच आहेत. तेव्हा हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही.

खिचडीकडे येते. तुमच्या या म्हणण्यात तथ्य आहे की पुष्कळ ठिकाणी आंतरशाखीय हा शब्द निधीच्या अर्जाला लावायचा शेंदूर असतो. मीही असे अर्ज वाचलेत. पण एक सौदा सांगते, त्यात शेंदूर नाही.

सार्डिनिया बेटाजवळ एक रोमन जहाज बुडालं होतं, ख्रिस्ताच्या आधीच्या शतकात. त्यात शिशाच्या हजारभर विटा, एकेक साधारण 33 किलोची. विसाव्या शतकाच्या शेवटी जहाज सापडलं. वर काढायला पुरातत्त्ववाल्यांकडे पैसे नव्हते. इकडे इटलीच्या अणुकेंद्रीय भौतिकी संस्थेला, ग्रान सास्सो डोंगराखाली 1400 मीटर दगडाच्या पोटात मांडलेल्या एका अतिसूक्ष्म प्रयोगासाठी, जवळजवळ मुळीच किरणोत्सार नसलेलं शिसं हवं होतं. नव्यानं गाळलेल्या शिशात शिसं-210 हा किरणोत्सारी भाऊबंद असतो. त्याचं अर्धायुष्य सुमारे 22 वर्षं. दोन हजार वर्षं पडून राहिलेल्या शिशात तो उरतच नाही. भौतिकवाल्यांनी उत्खननाला पैसे दिले आणि बदल्यात काही विटा घेतल्या. 2010 मध्ये आणखी 120 विटा कॅल्यारीच्या संग्रहालयातून डोंगराखाली गेल्या. विटांवर रोमन कारखानदारांचे शिक्के होते. ते भाग कापून जतनासाठी परत दिले आणि बाकीचं शिसं वितळवलं.

मला हा सौदा पूर्ण पटत नाही. दोन हजार वर्षं टिकलेली वस्तू वितळवायची, आणि उद्या एखाद्याला त्या धातूलाच नवा प्रश्न विचारावासा वाटला तर? दुसरीकडे, पैसे आले नसते तर जहाज समुद्रातच राहिलं असतं, किंवा चोरट्या पाणबुड्यांनी विटा भंगारात घातल्या असत्या. किती विटा द्यायच्या, शिक्का कुठून कापायचा, काय लिहून घ्यायचं, हे भौतिकीच्या पुस्तकात नाही आणि उत्खननाच्या पुस्तकातही नाही. तरी कोणाला तरी टेबलावर बसून ते ठरवावं लागलं. खंयचें खंय जोडलं म्हणाल तर इथे जोडलं, काका, आणि दोन्ही बाजूंना काहीतरी सोडून द्यावं लागलं.

आपल्या समुद्राचंही एक सांगते, कारण ते तुमच्या बाजूचं आहे. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सागरी पुरातत्त्ववाल्यांना गोव्याजवळच्या सेंट जॉर्ज खडकापाशी एका बुडालेल्या जहाजाची कौलं मिळाली. कौलांवर कौलांचे कारखाने चालवणाऱ्या बासेल मिशनचा छाप आणि 1865. किरण नको, म्यूऑन नको, तारीख मालावरच छापलेली. फक्त 1865 हे कौल भाजल्याचं वर्ष नाही, कारखाना सुरू झाल्याचं आहे. म्हणजे जहाज त्यानंतर कधीतरी बुडालं. आमच्या जुन्या घराच्या माळ्यावरच्या कौलांवरही तोच आकडा आहे आणि आजोबा आयुष्यभर घर 1865 चं म्हणून सांगत राहिले.

दोन पाय आणि तीन डगरी. यावर गोव्यात बसून कोसंब्यांचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही, तुम्ही म्हणाल हुकमी पत्ता काढला. पण पत्ता नीट बघा. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म 1907, कोसबें. पेशानं गणिती, 1945 मध्ये होमी भाभांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, बोलावून घेतलेले. त्यांनी प्राचीन आहत (ठसे मारलेल्या) नाण्यांचा कालक्रम लावायचं ठरवलं तेव्हा आधी काय केलं, तर रोजच्या व्यवहारातली चालू नाणी तराजूत एकेक करून तोलली. नाणं हातोहात झिजतं. जितकं जास्त फिरलेलं तितकं सरासरी वजन कमी आणि नाण्यानाण्यांतला फरक जास्त. हे आपल्या डोळ्यांसमोरच्या नाण्यांवर पटवून घेतल्यावर मग ते तक्षशिलेच्या साठ्याकडे वळले. दुसऱ्याच्या अंगणात शिरायचं तर आधी अशी हमाली करावी लागते. माझ्या म्यूऑनच्या वाक्यात ती नव्हती. आणि हेच कोसंबी रीमान गृहीतकाच्या, म्हणजे गणितातल्या एका न सुटलेल्या कोड्याच्या, मागे लागले, शेतीच्या संख्याशास्त्राच्या नियतकालिकात सिद्धतेचा दावा छापला, तो टिकला नाही. टीआयएफआरनं 1962 मध्ये त्यांचा करारही पुढे चालू ठेवला नाही. कुंपणं ओलांडणारा पडतोही. त्या नाण्यांची वजनं मात्र अजून उपयोगी आहेत. देशातली कार्बन-14 ची सुरुवातीची प्रयोगशाळाही टीआयएफआरमध्येच, म्हणजे विश्वकिरणवाल्यांच्या (अंतराळातले ते वेगवान कण अभ्यासणाऱ्यांच्या) घरात, उभी राहिली. भौतिकवाल्यांनी भौतिकीच करावी हा नियम तिथे कोणी लावला नव्हता, बरं झालं.

राहिल्या खुर्च्या. मी मांडते, काका. आमच्या गावच्या देवस्थानात काल्याच्या रात्री नाटक असतं आणि मी मंडळाची चिटणीस. संगीत नाटकाला पूर्वी जितके नट लागायचे तितकेच आजही लागतात, पेटीवाला एकच, तबलजी एकच, आणि तिसरा अंक दुप्पट वेगानं उरकता येत नाही. बाकीच्या जगात तेवढ्याच माणसांत दरसाल जास्त माल निघतो, मजुरी वाढते. आमची मजुरी वाढते आणि माल तेवढाच. ही अडचण अमेरिकेतल्या बॉमोल आणि बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी 1966 मध्ये मांडली. आमच्या पावणीच्या (देवस्थानातल्या लिलावाच्या) हिशेबाच्या वहीत ती त्याआधीपासून आहे, फक्त नाव नव्हतं. देणगी आणि पावणी यांच्यातून खर्च निघत नाही तेव्हा कात्री कुठे लावायची, पडद्यांना, बाहेरून येणाऱ्या नटीला, की तालमीच्या जेवणाला, आणि त्याचा पाच वर्षांनी नाटकावर काय परिणाम होतो, हे कोणीतरी नीट अभ्यासलं तर मला हवंच आहे.

खरं सांगायचं तर मूळ लेख मी लिहिला तो उसगाळीमळमुळे नव्हेच. एका गावात (नाव घेत नाही) जीर्णोद्धाराच्या आधी माळा रिकामा केला. तिथे नाटकाच्या सामानाची ट्रंक होती. हातानं रंगवलेला दरबाराचा पडदा पावसात भाताच्या उडव्यावर घातला गेला. मी पोचले तेव्हा महालाचा एक खांब आणि अर्धी कमान दिसत होती, वर शेवाळ. नाटकांच्या हस्तलिखित नकला आणि प्रॉम्प्टरच्या वह्या तोवर बंबात गेल्या होत्या. जाळणाऱ्यानं वाईट हेतूनं काही केलं नाही, त्यानं जागा स्वच्छ केली. मी घरी आले ती कुशावतीच्या खाचेतली माती आठवत.

मूळ लेखातलं म्यूऑनचं वाक्य खोडलं आहे, पुसलेलं नाही. खाली तुमची दुरुस्ती जोडली आहे.

आणि एक. तुम्ही जाता जाता लिहिलंय की बरीच वर्षं तुम्ही नाटकात प्रॉम्प्टिंग करत होता. त्या वह्या कुठे आहेत? घरी असतील तर कृपा करून पुसू नका, उन्हात घालू नका, प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच बांधू नका. येत्या रविवारी मी साखळीला येणारच आहे. तशीच पुढे डिचोलीला येते, कॅमेरा घेऊन.