एक दिवसाआड पाणी म्हणजे निम्मी बचत नव्हे

ग्वाल्हेरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर उन्हाळा तापला की शहराला पाणी देणाऱ्या तिघरा धरणाबद्दल एक मजकूर फिरू लागतो. "तिघरा आटत चाललाय. पाणी एक दिवसाआड सोडा, निम्मं वाचेल, तीन महिन्यांचा साठा सहा महिने पुरेल. रोज दिलं की लोक नासवतात. आणि त्रास सगळ्यांना सारखा, म्हणून न्यायही तोच." पाठवणाऱ्यांची कळकळ खरी आहे, हिशोब चुकलेला आहे.

आधी निम्म्याचं गणित. नळ कोरडा म्हणून त्या दिवशी कुणी आंघोळ सोडत नाही की वरणभात टाकायचा राहत नाही. शहरी पुरवठ्याचं सरकारी मान माणशी रोज 135 लिटर. त्या मानाने पाच माणसांच्या घराला दोन दिवसांत 1350 लिटर लागतात. ज्याच्या अंगणाखाली 2000 लिटरची टाकी आहे तो ते एकाच दिवशी भरून घेतो. धरणातून जायचं तेवढं गेलंच.

मग बचत होते कुठे? एक तर फुटक्या पाइपांतून पाणी गळण्याचे तास कमी होतात. ही बचत खरी आहे, मला मान्य आहे. पण मग दुखणं गळतीचं आहे, आणि ती बुजवली तर नळ बंद न करताही तेवढं पाणी हाती राहतं. दुसरी बचत होते ती ज्याच्याकडे साठवायला जागा नाही त्याच्या वाट्यातून. एका खोलीत राहणाऱ्या पाच जणांकडे 200 लिटरची दोन पिंपं धरा. 400 लिटर, दोन दिवस, म्हणजे माणशी रोज 40. याला बचत म्हणायला माझी जीभ वळत नाही. "त्रास सारखा" हे वाक्यही इथेच कोसळतं.

नासाडीचं म्हणाल तर, उद्या पाणी येईल याचा भरवसा नसतो तेव्हाच माणूस गरजेपेक्षा जास्त भरतो. माझी आत्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यात राहायची. पाणी आलं की पिंपातलं उरलेलं शिळं म्हणून मोरीत ओतायची आणि ताजं भरायची. वेळ नक्की नसली की नळ उघडाच ठेवून झोपणारी घरंही मी पाहिली आहेत.

त्या मजकुरात एका धोक्याचा उल्लेखच नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच आहे. पाइपात दाब असतो तोवर फटीतून पाणी बाहेर जातं. पाइप रिकामा झाला की त्याच फटीतून शेजारच्या नाल्याचं पाणी आत शिरतं. त्यात कुणी थेट लाइनवर टिल्लू पंप लावला तर ते ओढूनच आणलं जातं. दुसऱ्या दिवशी सुरुवातीचं गढूळ पाणी येतं ते यामुळेही असू शकतं. शिवाय रिकाम्या पाइपातली हवा मीटर फिरवते, म्हणजे मोजमापही बिघडतं.

नळ बंद न ठेवता मागणी घटवता येते. केप टाउनने 1 फेब्रुवारी 2018 पासून माणशी रोज 50 लिटरची मर्यादा घातली, दाब कमी केला, जास्त वापरणाऱ्याला दर चढा लावला, आणि नळ कोरडे पडण्याचा दिवस टळला. आपल्याच भाषेतलं उदाहरण कराडजवळच्या मलकापूरचं: पाणी चोवीस तास, पण मीटरने.

आणि हे एप्रिलमध्ये ठरवायचं नसतं. पावसाळा संपताना तिघऱ्याची पातळी पूर्ण भरल्याच्या 740 फुटांपेक्षा किती खाली आहे हे कळतं, तेव्हाच पुढच्या आठ-नऊ महिन्यांचा हिशोब मांडता येतो. तेव्हा आपल्या नगरसेवकाला विचारा: मोतीझीलच्या जलशुद्धीकरण केंद्रातून किती पाणी सुटलं, आपल्या वॉर्डाच्या टाकीत किती पोचलं, आणि मधलं कुठे गेलं?