“आपल्या डेटात काय आहे बे?” याला उत्तर

आमच्या शाळेच्या ग्रुपवरचा एक मेसेज नव्या पेठेपासून जुळे सोलापूरपर्यंत फिरून मला तिसऱ्यांदा आला. म्हणणं असं: साध्या माणसाच्या डेटाला एआय कंपन्या विचारत नाहीत, धोका फक्त चिनी ॲपचा, आणि सर्व्हर भारतात आले की प्रश्न मिटला.

पहिलंच घ्या. “काय करलालास बे?” हे कुठल्या पाठ्यपुस्तकात आहे? तेलुगू-कन्नड मिसळलेली आपली सोलापुरी बोली छापलेली फारशी सापडत नाही. ती ओळखायला यंत्राला शिकवायचं तर पूर्व भागातल्या एखाद्या मावशीचाच आवाज लागणार, मुंबईच्या निवेदकाचा काय कामाचा? सरकारच्या ‘भाषिणी’ या भाषांतर प्रकल्पानंसुद्धा ‘भाषादान’ म्हणून लोकांकडे आवाज मागितलाच की. तिथं निदान मागतात तरी. फुकटच्या ॲपात आपण अटी न वाचता ‘ओके’ दाबून मोकळे होतो.

चिनी ॲपची भीती खोटी नाही. तिथल्या २०१७ च्या कायद्यानं संस्थांना गुप्तचर कामात मदत करावीच लागते. गलवाननंतर, २९ जून २०२० ला, आपण ५९ ॲप बंद केली. चुकलाय तो ‘फक्त’ हा शब्द. जानेवारी २०२५ मध्ये अर्थ मंत्रालयानं ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एआयची साधनं नकोत म्हणून सांगितलं, तेव्हा चिनी डीपसीकच्या शेजारी अमेरिकी चॅटजीपीटीचंही नाव होतं.

सर्व्हरचं तर विचारूच नका. अमेरिकेच्या २०१८ च्या क्लाउड कायद्यानं, कायदेशीर आदेश आला की तिथल्या कंपनीला आपल्या ताब्यातला डेटा द्यावा लागतो, मशीन कुठल्याही देशात असो. वाडा सोलापुरात आणि किल्ल्या परगावच्या मालकाकडे, अशी गत. रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्ये पेमेंटचा डेटा देशातच ठेवायला लावला, त्याचा देखरेखीला उपयोग आहेच. पण घरातलं कोण बघतंय? २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला, तरी २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात केंद्र सरकार अधिसूचना काढून आपल्या यंत्रणांना सूट देऊ शकतं.

मेसेज टाकणारा मित्र टॉवेल बाहेर पाठवतो. इंग्रजी पत्र लिहून घ्यायला चॅटबॉटला जीएसएम (म्हणजे कापडाचं वजन), रेट, गिऱ्हाइकाचं नाव, सगळं देतो. काल त्याला म्हटलं, सेटिंगमध्ये जाऊन ट्रेनिंगसाठी आपल्या डेटाचा वापर बंद कर, रेटची जागा रिकामी ठेव. हसला. “माझा रेट घेऊन कोण काय करणार बे?”

“मग ग्रुपवर टाक की,” म्हटलं. अजून टाकला नाही.