लक्झरी धनकवडीत येते, वीटभट्टीवर का जात नाही?

सकाळी सकाळी डोकं फिरलंय, त्यामुळं लांबलचक लिहिणार आहे. ज्यांना वेळ आहे त्यांनीच वाचा.

चुलतभावाचा फोन आला. गावाकडं ग्रामपंचायतीची हवा सुरू झालीय. म्हणतो, "दादा, तुझं नाव तू पुण्याच्या मतदारयादीत नेलंस, जाऊ दे. पण धनकवडी, आंबेगाव, कात्रजला आपली जेवढी घरं आहेत त्यांची यादी करून दे. लक्झरी स्वारगेटला लावतो. जाताना नाश्ता, येताना मटण." खेड शिवापूरचा टोलही तोच भरणार. केवढी ती सेवा!

मी विचारलं, "वाडीवरच्यांचं काय?"

"ती भट्टीवर गेलीत की. त्यांना कोण आणत बसतंय?"

तिथंच माझी सटकली.

आमचं गाव भोर तालुक्यातलं. वरच्या अंगाला कातकरवाडी. दिवाळी झाली की बिऱ्हाडं वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडाला परत. मग अख्ख्या गावाची भातलावणी हीच माणसं करतात. पाण्यासाठी ओढ्यावर जातात, कारण पाइपलाइन शाळेपर्यंत येऊन थांबलीय. आणि गावचा कारभारी कोण, हे ठरवणार कोण? तर जत्रेला येऊन सेल्फी काढून जाणारा धनकवडीचा साहेब, ज्याला गावात टाकी कुठं आहे हेही सांगता येणार नाही! त्यातल्या निम्म्यांची नावं इथंही आहेत आणि तिथंही. एका माणसाचं नाव दोन यादीत असता कामा नये, हा साधा कायदा. पण मटणापुढं कायदा कुणाला आठवतोय.

बरं, आता कुणीतरी लिहिणारच, "आमचं घर आहे, शेत आहे, आमचा हक्क नाही का?" आहे बाबा, नाव तिथल्याच यादीत असेल तर आहे. पण मग निदान माहिती घेऊन तरी या.

मागच्या निवडणुकीत मी गावी होतो, काकूकडं. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी ओट्यावर काकू, वाडीवरची एक मावशी (त्या वर्षी गुडघ्यामुळं भट्टीवर गेली नव्हती) आणि नववीतली पुतणी. काकूनं विचारलं, "मला आजवर सगळे सांगतात अमकं बटण दाब. पण बटणं तीन कशाला?" इतकी वर्षं मत देणारी बाई, आणि हे तिला घरातल्या एकाही पुरुषानं सांगितलं नव्हतं. पुतणीनं खडूनं फरशीवर मशीन काढलं. एक रांग सरपंचाची, तो आता थेट निवडून येतो. दोन रांगा सदस्यांच्या, कारण आमच्या प्रभागात दोन जागा. कपबशी, छत्री, रिक्षा, सगळी चित्रं काढली पोरीनं. मावशी वाकून प्रत्येक चौकोनावर बोट ठेवून बघत होती.

काकू छत्रीवर बोट ठेवून काकांना म्हणाली, "ह्यो पोरगा करणार काय?" काका म्हणाले, "आपल्या भावकीतला आहे." काकू म्हणाली, "भाताचं बी आणताना चार घरं विचारता, आन् हितं नुसती भावकी?"

काका चहा टाकायला उठले. काका. चहा टाकायला. असो.

मला सांगा, काकूच्या प्रश्नाचं उत्तर मिळायला असं किती अवघड आहे? उमेदवार शपथपत्र देतात, मालमत्ता आणि गुन्हे त्यात लिहावे लागतात. पंचायतीला किती पैसे आले, कशावर गेले, हे ई-ग्रामस्वराज या सरकारी ॲपवर मोबाइलमध्ये दिसतं. 15व्या वित्त आयोगातून पंचायतीला येणाऱ्या केंद्राच्या पैशांतले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेले होते. साठ टक्के! मग पाइपलाइन शाळेपाशी का थांबली, हे विचारायला काय इंजिनिअर लागतो? लग्नपत्रिका झूम करून वाचणारे आपण लोक.

आणि ते 'बिनविरोध'चं कौतुक तर मला सांगूच नका. खर्च वाचतो, भांडणं टळतात, मान्य. पण देवळात बसून बिनविरोध ठरवतं कोण? तिथं काकू असते का? मावशी असते का? 2021 साली नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळीत सरपंचपदासाठी बोली लागल्याचं उघड झालं, तेव्हा राज्य निवडणूक आयोगाला तिथली निवडणूकच रद्द करावी लागली. बायकांना निम्म्या जागा 2011 पासून आहेत, पण निवडून आलेल्या बाईला फोन केला की उचलतो तिचा नवरा. ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्यायची असते. आमच्याकडं ती रजिस्टरवर होते. सह्या घरी येऊन घेतात, काकूचीही घेतात.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. चुलतभाऊ वाईट नाही हो. काका गेले तेव्हा रात्री दोनला ससूनपासून गावापर्यंत सगळं त्यानंच निभावलं. त्याला खरंच वाटतं की गाडी भरून माणसं नेणं म्हणजे निवडणूक. त्याला वेगळं काही कुणी दाखवलेलंच नाही. काकूनं दाखवलं होतं, पण बाईमाणसाचं कोण ऐकतो.

यादी मी दिलेली नाही. त्याला म्हटलं, तुझा जाहीरनामा एका कागदावर लिहून पाठव, वाडीचं पाणी कधी येणार ते तारखेसकट लिही, मग धनकवडीतल्या प्रत्येक घरी मी स्वतः तो वाचून दाखवतो. "बघतो" म्हणाला.

आता तुमच्याकडून एक हवंय. आमच्या वाडीची माणसं शिरवळच्या बाजूला भट्ट्यांवर आहेत. कुणाच्या ओळखीत तिकडचा भट्टीमालक असेल तर मला इनबॉक्समध्ये नंबर द्या. मतदानाच्या दिवशी मजुरांना पगारी सुट्टी द्या, एवढंच त्याच्याशी बोलायचंय. उमेदवाराची गाडी नकोच, ते नियमातही बसत नाही. एसटीचं तिकीट आपण चार जण मिळून काढू. फोन रात्री नऊनंतर केलात तर बरं, दिवसा मी कामावर असतो.